म्हाळसाबाईंचं लुगडं

हर्सूल तलावाकडं जाणाऱ्या त्या गल्लीत दहांतल्या आठ बाया आशाबाईच्या हातचा गाऊन घालत. उरलेल्या दोघींचं तिच्याशी भांडण असे, आणि भांडण मिटलं की त्याही माप द्यायला येत. गाऊनला किल्लीसाठी खिसा लावायची युक्ती आपणच काढली, असं ती छातीठोकपणे सांगे. खरंखोटं देव जाणे, पण तिचा खिसा कधी उसवत नसे. ती स्वतःही दिवसभर गाऊनवरच असे. दारात कोणी आलं की खांद्यावर ओढणी टाकायची, की झाली बाई पाहुण्यांपुढं यायला तयार.

अशा बाईच्या सासूनं तिच्या हातचा गाऊन अंगावर टिकू देऊ नये, यापरता अपमान तो कोणता?

सासू म्हणजे म्हाळसाबाई. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, नक्की किती ते त्यांनाही कधी ठाऊक नव्हतं. जन्म सगळा मेंढरांमागं गेला. घोड्यावर संसार लादायचा आणि अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदाकाठापर्यंत चालायचं, पुन्हा माघारी यायचं. नवरा सोनाजी गेल्यावर मेंढरं विकली आणि कंपनीत कामाला लागलेल्या फकिरानं आईला शहरात आणलं. तीन वर्षांपूर्वी त्या विसरायला लागल्या. आधी चहात दोनदा साखर, मग घराचं दार, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, "हा डिमेन्शिया आहे. यातून माणूस मागं फिरत नाही. सांभाळून घ्या." सांभाळून घ्या म्हणायला दोन क्षण पुरतात. घ्यायला मात्र आशाबाईचा उजाडल्यापासूनचा सगळा दिवस लागत होता.

गाऊनची कल्पना तशी चुकीची नव्हती. नऊवारी लुगडं सोडेपर्यंत ते ओलं होई. एकदा सुटलेल्या लुगड्यात पाय अडकून म्हाळसाबाई मोरीत पडल्या, नशीब की हाड शाबूत राहिलं. तेव्हा दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, सैल, पुढून उघडणारं काहीतरी घाला. आशाबाईनं लोण्यासारख्या मऊ सुती कापडाचे सहा गाऊन शिवले. म्हाळसाबाईंनी सहाच्या सहा नापास केले. अंगात चढवला की पाचव्या मिनिटाला तो जमिनीवर. आशाबाईनं मागून बंद लावले, दुहेरी गाठी मारल्या. मेंढरांचे दोर सोडलेल्या बोटांपुढं त्या गाठी काय टिकणार?

आणि मग त्या सोमवारी व्हायचं ते झालं. आशाबाई पोळ्या लाटत होती, दाराची कडी नीट बसली नव्हती, आणि म्हाळसाबाई अंगावर नुसत्या चोळीनिशी गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. आशाबाई पिठाच्या हातानं चादर घेऊन धावली. तोवर किराणा दुकानापुढच्या साऱ्यांनी पाहिलं होतं. कोणी मान फिरवली, कोणी फिरवली नाही. "म्हातारीनं लाज सोडली," असं एकजण बोललाही. तो शब्द संध्याकाळी फकिराच्या कानावर गेला.

फकिरा बराच वेळ मोटरसायकलवरच बसून राहिला. मग आत येऊन म्हणाला, "रविवारी आश्रमाची गाडी येईल. सिल्लोड रोडला हाय, चांगला हाय म्हणत्यात. म्या शब्द दिलाय."

"मला न इचारता?"

"तुला काय इचारू, आशा? माह्या मायला लोकांनी तसं पाह्यलं." एवढं बोलून तो रडला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण बापाच्या मयतीतसुद्धा तो असा रडला नव्हता.

खरं तर आशाबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही, खोटं कशाला बोला? सलग पाच तास झोप, मोरी कोरडी, मशीन दिवसभर चालू. पण नजर त्या मशीनवर गेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी म्हाळसाबाईंनी आपल्या माहेरच्या दोन मेंढ्या कोणाला न विचारता बाजारात नेल्या होत्या आणि येताना शिलाई मशीन आणलं होतं. घोड्यावर लादून! गावभर हसू झालं होतं. म्हाळसाबाई म्हणाल्या होत्या, "हसू द्या. माह्या सुनंला मेंढरामागं उन्हात नाय हिंडायचं." त्या बाईला गाडीत बसवून परक्या दारात सोडायचं? आणि तिथं कोणी रागावलं, तर ती कोणाला हाक मारणार? तिला तर आता हाक मारायला नावही आठवत नव्हतं.

रविवारपर्यंत पाच दिवस होते. पाच दिवसांत सासूच्या अंगावर कपडा टिकला पाहिजे. म्हटलं तर केवढीशी गोष्ट, पण तिच्यावर एका माणसाचं घर अडलं होतं.

शुक्रवारी समाजमंदिरात बैठक होती. विसरणाऱ्या माणसांना घरी सांभाळणारे लोक महिन्यातून एकदा तिथं जमत. दवाखान्यातून कार्यकर्ती येई, पण बोलत जास्त करून लोकच. आशाबाई आजवर कधी गेली नव्हती. आपलं धुणं चारचौघांत कशाला धुवायचं, असं तिला वाटे. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. लाज तरी कुठून असणार? ती सासूला घेऊन रिक्षानं गेली. म्हाळसाबाई गाऊनवर येईनात, म्हणून वरून त्यांची गोधडी गुंडाळली. ती गोधडी त्या एरवीही सोडत नसत. तिचाही वेगळा ताप होता. बसल्या जागी त्या तिचे टाके उसवत. दुपारी आशाबाईनं शिवावं, संध्याकाळी सासूनं उसवावं, असा कार्यक्रम सहा महिने चालू होता.

बैठकीत आशाबाईची पाळी आली तेव्हा ती थोडंच सांगणार होती. पण बांध फुटला तो फुटलाच. गाऊन, गाठी, गल्ली, रविवार, सगळं बोलून झालं. कोणी हसलं नाही. एका निवृत्त मास्तरांनी पाण्याचा पेला पुढं केला.

कोपऱ्यात साळूबाई नावाची म्हातारी बसली होती. तिनं आपल्या नवऱ्याला याच दुखण्यात सहा वर्षं सांभाळलं होतं. तो जाऊनही दोन वर्षं झाली, तरी ती बैठकीला येई. ती आशाबाईकडं पाहतच नव्हती. तिचं लक्ष म्हाळसाबाईंच्या बोटांकडं होतं.

"ही काय हुडकती गं गोधडीत?"

"हुडकतीय कुठं, मावशी? उसवतीय. बोटाला चाळा लागलाय."

"आत काय भरलंस?"

"काय म्हंजे? ह्यांचीच दोन लुगडी. चांगली इरकली होती, कात्री लावू वाटंना. तशीच घडी घालून..."

आशाबाईनं गोधडीकडं पाहिलं.

"गाऊन काढून फेकती," साळूबाई म्हणाली, "आन् लुगड्याची गोधडी उसवती. अगं, टेलर ना तू? जन्मभर तिनं कासोटा घातला. तुह्या त्या गाऊनात तिला उघडं वाटतंय. ती कपडे काढीत नाय, बाई. ती कपडे हुडकायलीय!"

 वीस-बावीस वर्षं आशाबाई दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेत होती. कोणाला कुठं काचतं, कोणाला कुठं सैल होतं, हे तिला न सांगता कळे. आणि घरच्याच माणसाचं तिला कळलं नव्हतं. म्हाळसाबाईंनी लाज सोडली नव्हती. सगळं विसरून झालं होतं, लाज तेवढी शिल्लक होती, आणि तिच्यापायीच त्या बाईनं सहा महिने जिवाचं रान केलं होतं.

"धुणं वाढंल," साळूबाईनं निघताना बजावलं. "रोज दोनदा नऊ वार पिळावं लागंल, कंबर मोडंल. म्या मंगळवारी आन् शुक्रवारी येत जाईन तिच्यापाशी बसायला. तू तेवढं झोपून घे. आन् नेसताना घाई करू नको. ती थांबली तर गप उभी राय."

घरी येऊन आशाबाईनं दार ओढून घेतलं, गोधडी जमिनीवर पसरली आणि मशीनच्या खणातून ब्लेड काढलं. पहिला टाका तुटला तशा म्हाळसाबाई पुढं सरकल्या. आशाबाई दोरा कापी, म्हाळसाबाई ओढून काढत. सासू-सुना कितीतरी दिवसांनी एका कामाला लागल्या होत्या. आशाबाई स्वतःचीच शिवण उसवत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

आतून हिरवं लुगडं निघालं. काठ लाल, पोत विरलेलं, अंगभर सुईची भोकं. म्हाळसाबाईंनी ते नाकाला लावलं. मग उठून उभ्या राहिल्या आणि गाऊनच्या गाठींना हात घातला. या वेळी आशाबाईनं त्यांना अडवलं नाही, उलट गाठी सोडायला मदत केली.

आशाबाईला स्वतःला नऊवारी नेसता येत नव्हतं. तिचं लग्नच सहावारीत झालेलं. त्यामुळं पुढं काय करायचं हे ती सांगू शकत नव्हती, आणि तेच बरं झालं. म्हाळसाबाईंनी एक टोक कमरेभोवती फिरवून पोटावर गाठ मारली. ती इतकी घट्ट, की आशाबाईला आपल्या दुहेरी गाठींची लाज वाटली. मग निऱ्यांना सुरुवात झाली. अर्ध्या निऱ्यांवर हात थांबले. डोळे भिंतीवर गेले. आता काय, हे त्यांना सुचेना, आणि चेहऱ्यावर ती नेहमीची भीती आली. 'राहू द्या, आत्या' म्हणायला आशाबाईच्या ओठांशी आलं होतं. तिनं ओठ दाबले, राहिलेलं कापड दोन्ही हातांवर धरलं आणि उभी राहिली. शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. हात पुन्हा हलले. निऱ्या झाल्या, पायांमधून मागं गेल्या, आणि कासोटा एका हिसक्यात खोचला गेला. म्हाळसाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, दोन पावलं टाकून पाहिली आणि पाय दुमडून खाली बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांचा हात एकदाही कपड्याकडं गेला नाही.

आशाबाई समोरच बसली. रडावं की हसावं, तिला कळेना. म्हाळसाबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. त्यांच्या नजरेत दया दाटली.

"तुह्या घरी लुगडं नाय व्हय, माय?"

"हाय की. अंगावर हाय ना, आत्या."

"हे?" म्हाळसाबाईंनी गाऊनचं टोक चिमटीत धरलं. "हे तर झबलं हाय. एवढी मोठी बाई, आन् झबलं घालून बसली! कोणी बघत नाय व्हय तुह्याकडं?"

गल्लीभर मान असलेल्या त्या गाऊनची अशी वासलात आजवर कोणी लावली नव्हती. पण आशाबाईला लागला तो शेवटचा प्रश्न. तीन वर्षांत तो तिला कोणीच विचारला नव्हता. ती सगळ्यांकडं बघत होती; तिच्याकडं बघायचं कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनं मान हलवली, "नाय."

"ऊठ."

गोधडीतलं दुसरं लुगडं जांभळं होतं. म्हाळसाबाईंनी ते झटकलं आणि सुनेच्या गाऊनवरूनच गुंडाळायला घेतलं. पोटावरची गाठ मारताना त्यांनी विचारलं, "लई आवळलं का?"  खरखरीत, उबदार हात आशाबाईच्या कमरेशी, पाठीशी फिरत होते, सुरकुत्या सरळ करत होते. ती डोळे गाळत उभी राहिली, लहान पोरीसारखी हात वर करून.

"नाव काय तुहं?"

"आशा."

"चांगलं हाय," म्हाळसाबाई म्हणाल्या आणि निऱ्या घालायला बसल्या.

याचा अर्थ त्या बऱ्या झाल्या असा कोणी घेऊ नये. दिवस मावळताना त्या मेंढरं कुठं गेली म्हणून विचारणार होत्याच, आणि हिरवं लुगडं उजाडायच्या आत ओलं होणार होतं. आशाबाईला ते ठाऊक होतं. पण धुणं ही काय, हातानं करायची गोष्ट. ती करता येते.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. फकिरा पहिली पाळी संपवून आला होता. हातात आश्रमाचा फॉर्म होता, मायचा अंगठा घ्यायचा म्हणून शाईची डबीही विकत आणली होती. त्यानं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच खिळला. उसवलेली गोधडी, कापसागत विखुरलेले दोरे, आणि आई कासोटा घालून, पदर खोचून उभी. कित्येक महिन्यांत त्यानं तिला असं पाहिलं नव्हतं.

म्हाळसाबाईंनी चटकन सुनेला पाठीशी घातलं.

"ए, कोण रे तू? भायेर हो! बायामाणसं लुगडं नेसत्यात, दिसत नाय व्हय? लाज नाय वाटत?"

फकिरानं बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आईनं त्याला ओळखलं नव्हतं. तरी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. त्यानं फोन लावला आणि म्हणाला, "रविवारी गाडी धाडू नका. नाय, पुढल्या रविवारी पण नको." फॉर्मची घडी करून त्यानं खिशात टाकली.

किराणा दुकानापुढून कोणीतरी विचारलं, "काय फकिरा, घराबाहेर काहून उभा? हाकललं का बायकोनं?"

"मायनं हाकललं," फकिरा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "ती लुगडं नेसायलीय." आणि दाराकडं पाठ करून तो राखणीला उभा राहिला.

बऱ्याच वेळानं आतून आशाबाईची हाक आली, "झालंय. या आता."

फकिरानं आधी दार वाजवलं, मग आत गेला.