सर्व खुशाल

"अन् म्हनावं, गाय व्याली. कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका हाय."

गोजरबाई पायरीवर बसून बोलत होती आणि बोलता बोलता रडत होती. वर ओट्यावर चांगदेव मास्तर मांडीवर फळी घेऊन तिच्या मुलाला कार्ड लिहीत होते. ती सांगत होती ते मात्र ते लिहीत नव्हते. तीन वर्षं ही बाई नाणेघाटाकडच्या आपल्या वाडीतून आठ कोस चालत जुन्नरच्या बाजाराला यायची, मुंबईच्या गोदीत हमाली करणाऱ्या भिकाला कार्ड लिहायला सांगायची आणि दर वेळी गाय, गळकं छप्पर, चुलत्याचं भांडण आणि डोळ्यांचं पाणी असा तोच रतीब घालायची. मास्तरांचं कार्डही ठरलेलं होतं. 'चिरंजीव भिका यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व खुशाल. तुझी खुशाली कळवीत जावी. शिमग्याला घरी येणे.' आईच्या पोटातलं सगळं एवढ्यात येतं असं त्यांचं मत होतं. उरलेलं नुसतं पाणी, आणि पाण्यानं शाई पसरते.

मास्तर पूर्वी खरोखरच मास्तर होते. लांबच्या एका गावात त्यांनी अकरा वर्षं पोरं शिकवली. मग बायको तापानं गेली. सगळं गाव दाराशी येऊन रडलं. ज्या बायांनी तिला कधी वाटीभर ताक दिलं नव्हतं त्यांनी ऊर बडवून घेतला. तेराव्याचं जेवण झालं आणि चौदाव्या दिवशी मास्तर स्वतःची चूल फुंकत बसले होते, तेव्हा त्या वाटेनं कुणी फिरकलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी माणसाच्या रडण्याची किंमत ठरवून टाकली आणि पुढं ती कधी तपासून पाहिली नाही. पुढे दुष्काळात शाळा बंद पडली. तेव्हा ते जुन्नरला आले आणि कापडवाल्या भंवरलालच्या ओट्यावर लोकांची पत्रं लिहू लागले. ओटा भंवरलालनं फुकट दिला होता. मास्तरांनी त्याचे आभार कधी मानले नाहीत. उलट, "पुण्य गोळा करतोय, करू दे," असं ते म्हणत.

त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. जीभ तशी नव्हती. त्याच दिवशी सकाळी शिनोलीचा भागू आला होता. पुण्याच्या एका डॉक्टरनं त्याचा डोळा वाचवला होता आणि त्याला उपकाराचं पत्र पाठवायचं होतं.

"आता नातवाचं तोंड दिसतंय म्हनावं," भागू म्हणाला. "रोज दिवा लावताना तुमचं नाव घेतो म्हनावं."

"खरंच घेतोस?"

"घेतो की."

"मग त्याला कळवायचं काय अडलंय? त्यानं आपलं काम केलं, तुला डोळा मिळाला. उपकार मानणारा माणूस पुढच्या वेळेची सोय करत असतो, भागू."

भागू गोंधळून हसला. मास्तरांनी 'आपला आभारी आहे' एवढं लिहून खाली त्याचा अंगठा घेतला. नातवाचं तोंड आणि दिवा त्या कार्डात गेले नाहीत.

ओट्याला लागून दुकानाच्या उंबऱ्यात भंवरलालची आई कस्तुरबाई बसायची. मारवाडातून सून म्हणून आली त्याला पन्नास वर्षं झाली होती, आता तिला मारवाडी आठवावी लागायची. बाजाराच्या दिवशी ती पाण्याची कळशी घेऊन बसे आणि डोंगरातून आलेल्या बायांना पाणी देई. नुसतं पाणी देऊन तिचं भागत नसे. कुणाचं पोर चालायला लागलं, कुणाची सासू उठून बसली, सगळं विचारायची आणि पुढच्या बाजारी ते तिच्या लक्षात असायचं. मास्तरांना याचा विशेष तिटकारा होता. पैशाचा दानधर्म एकवेळ समजतो, पण परक्या बाईच्या सासूचं दुखणं लक्षात ठेवणं त्यांना निव्वळ ढोंग वाटायचं.

गोजरबाई बोलतच होती. "सोनीबाईच्या घरात उंदीर पडलं. पाच-सा पडलं. परवा तिचा दीर गेला, काखंत गाठ आली व्हती. आमी आता वाडी सोडून माळावर खोपटं घालनार. तवा म्हनावं, औंदा शिमग्याला येऊ नको. मन लई वढंल, पर येऊ नको."

मास्तर तेव्हा टाक पुसत होते. कार्ड लिहून झालं होतं.

"समदं लिवलं?"

"सगळं लिहिलं."

"गायीचं?"

"गायीचंसुद्धा."

गोजरबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती कस्तुरबाईच्या कळशीकडे सरकली. पाणी पिऊन झाल्यावर दोघींचं हळू आवाजात काही बोलणं झालं. मग कस्तुरबाई उंबऱ्यातून म्हणाली, "मास्तर, पोराला येऊ नको असं लिहिलंत ना?"

तेव्हा मास्तरांना कळलं. आत्ताच कानावरून गेलेले उंदीर, गाठ आणि माळावरची खोपटं त्यांना एकदम ऐकू आली. त्यांनी कार्डाकडे पाहिलं. 'शिमग्याला घरी येणे' हे शेवटचे शब्द सुरेख वळणाचे आले होते. ते खोडले तर कार्ड घाण दिसणार. नवं लिहायचं तर समोर चार माणसं ताटकळत होती, ऊन वर आलं होतं, आणि चूक झाली असं या दोन बायांसमोर म्हणावं लागणार होतं. असली कार्डं वाचून कोण येतं? तीन वर्षांत ते पोरगं एकदाच आलं होतं.

"लिहिलं, लिहिलं," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी ते कार्ड इतर कार्डांबरोबर पोस्टाच्या पेटीत टाकलं.

त्यानंतर जुन्नरातही प्लेगची साथ आली. अर्धं गाव बाहेर रानात राहायला गेलं. बाजार भरायचा, पण घाईघाईत उरकायचा. शिमगा झाला, पाडवा झाला. गोजरबाई आली नाही. न येण्यासारखं पुष्कळ होतं, मास्तरांनी त्यावर विचार केला नाही. म्हणजे एकदोनदा केला, पण तो पुरा होऊ दिला नाही.

चैत्र संपताना एका बाजारी ती आली. पायरीवर बसली. रडत नव्हती. मास्तरांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण तीन वर्षांत त्यांनी तिला न रडता बसलेली पाहिली नव्हती.

"लिहायचंय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. वाचायचंय." तिनं कनवटीतून एक कार्ड काढलं. चार घड्या पडलेलं, घामानं कडा मऊ झालेलं.

"कुठून आलं हे?"

"भिकाच्या बंडीत व्हतं. शिमग्याच्या आदल्या रोजी घाट चढून आला. तिसऱ्या रोजी ताप चढला. सातव्या रोजी गेला." ती हे बाजारभाव सांगावा तसं बोलली. "मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय त्यात, ते वाचून दावा."

मास्तरांनी कार्ड उलगडलं. अक्षर मोत्यासारखं होतं. एक ओळ तिरपी गेलेली नव्हती, कुठं खाडाखोड नव्हती.

आयुष्यात फार वर्षांनी मास्तरांना समोरच्या माणसासाठी काहीतरी करावंसं वाटलं. आपण येऊ नको म्हटलं होतं, तरी आपल्या ओढीनं पोर आलं, असं तिला वाटत असेल तर तेवढं तरी तिच्याजवळ राहावं. ते मोडायचा आपल्याला काय अधिकार? आपण दया करतो आहोत हे त्यांना जाणवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते थोडं बरंही वाटलं. त्यात आपलीही सुटका आहे, हे त्यांनी पाहिलं नाही.

"चिरंजीव भिका यास अनेक आशीर्वाद," त्यांनी वाचायला सुरुवात केली. इथवर कार्डात होतं. पुढचं आठवायचं होतं, आणि तेव्हा ऐकलेलंच नसल्यामुळं फारसं आठवत नव्हतं. "गाय व्याली. कालवड झाली. वाडीत... वाडीत आजार आहे. तरी या वर्षी शिमग्याला येऊ नको. जिवाला जप."

"जिवाला जप?"

"हो. तसं आहे."

"म्या तसं म्हनले नव्हते," गोजरबाई म्हणाली. "म्या म्हनले व्हते, मन लई वढंल, पर येऊ नको."

मास्तर कार्डावरून नजर वर करीनात.

"मास्तर, त्याच्या खोलीत हौशीराम म्हनून हाय. त्याला वाचता येतं. त्यानं भिकाला हे कार्ड दोनदा वाचून दाखिवलं. येथील सर्व खुशाल. शिमग्याला घरी येणे. भिकाला त्वांडपाठ व्हतं. तापात मला म्हनला, आये, तू तर सर्व खुशाल म्हनलीस. मंग म्या काय म्हनायचं? म्या म्हनले, व्हय रं बाबा, म्याच बोलिवलं. तुला बघावंसं वाटलं, म्हनून खोटं लिवाया लावलं. तो हसला. म्हनला, लबाड हाईस."

दुकानात भंवरलाल कापड मोजता मोजता थांबला.

"गोजरबाई," मास्तर म्हणाले, "माझ्या हातून..." त्यांचे डोळे भरून आले.

गोजरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं, निवांत पाहिलं. भाजीवालीनं पुढं केलेलं किडकं वांगं बाई जसं उलटून पाहते आणि परत टोपलीत टाकते, तसं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ते पानी आमचं. तुमी कशापायी काढता?"

तिनं त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं, होतं तसं घडी घालून कनवटीला खोचलं आणि उठली. कस्तुरबाईनं कळशी पुढं केली. गोजरबाई उभ्यानंच ओंजळ धरून पाणी प्याली. कस्तुरबाईनं काही विचारलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. मग एकदाच ओट्याकडे वळून म्हणाली, "मी विचारलं होतं, मास्तर." त्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना उत्तर देता आलं असतं.

समोरच्या लिंबाखाली सोमाजी बसला होता. शेजारच्या वाडीचा, गोदीतच कामाला, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला परत निघालेला. गोजरबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. बाजाराचा कालवा फारसा नव्हता. ती बोलत होती ते ओट्यापर्यंत ऐकू येत होतं.

"हौशीरामाला अन् खोलीतल्या समद्यांना निरोप द्यायचाय. ध्यान देऊन ऐक. भिका शिमग्याच्या आदल्या रोजी दिवस मावळताना घरी पोचला. सात रोज व्हता. तुमी वाटंसाठी भाकरी बांधून दिल्या व्हत्या, त्यातली एक त्यानं राखली व्हती, ती घरी येऊन माज्या पानात मोडून खाल्ली. त्याचं घोंगडं खोलीत ऱ्हायलंय. ते हौशीरामानं पांघरावं, परत धाडू नये. त्याला परक्या गावात तुमी सांभाळलं. तुमचं उपकार मला फिटायचं न्हाईत. आता सांग. काय सांगशील?"

"भिका गेला," सोमाजी म्हणाला. "घोंगडं ठेवा म्हनली. उपकार झालं म्हनली."

"न्हाई. पयल्यापून सांग."

सोमाजीनं पुन्हा सुरुवात केली. दिवस मावळताना हे राहिलं. तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा म्हटलं.

ओट्यापुढं रांगेतला पहिला माणूस खाकरला. मास्तरांनी टाक शाईत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. फळीवर एक थेंब पडला.

"भाकर ऱ्हायली," लिंबाखाली गोजरबाई म्हणाली.

"ती कशाला सांगायची, काकी? एवढंसं त्यात काय?"

"सांगायची."

सोमाजी उठून उभा राहिला, डोक्याचं मुंडासं सारखं केलं, आणि शाळेतल्या पोरासारखे हात जोडून त्यानं सगळं म्हटलं. आदला रोज, मावळता दिवस, सात रोज, पानात मोडलेली भाकर, घोंगडं, हौशीराम, परकं गाव, न फिटणारे उपकार. कुठं अडखळला नाही.

गोजरबाईनं मान हलवली. पाटी डोक्यावर घेतली आणि घाटाच्या वाटेला लागली.

ओट्यावर मास्तरांनाही तोवर सगळं पाठ झालं होतं, भाकरीसकट. लिहून द्या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.