साडूकडचा पंप

“काका, आता हा फोटो मला दाखवू नका,” पार्टवाला म्हणाला. “तुमच्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप माझ्या स्वप्नात येतो.”

काटेवाल्यांनी फोटो खिशात ठेवला आणि दुसरा काढला. तोच पंप, दुसऱ्या बाजूनं.

“मी तिकडे परदेशात फोनसुद्धा लावला होता,” पार्टवाला कळवळून म्हणाला. “एक पोरगी बोलली. म्हणाली, असला छोटा ट्रॅक्टर तिचे आजोबा चालवायचे.”

“मग आजोबांना विचारा.”

“ते गेले.”

काटेवाल्यांनी अनोळखी आजोबांसाठी क्षणभर मान खाली घातली आणि तिसरा फोटो काढला.

“थांबा! चालू स्थितीतला पंप अख्ख्या मुलखात एकाकडेच आहे. कोणी रिटायर बँडमास्तर आहे. पण माणूस तिरसट आहे म्हणतात.”

“तिरसट नाही, आडमुठा,” काटेवाले म्हणाले. “माझा साडू आहे तो.”

काटेवाल्यांचा जन्म वजनकाट्यावर गेला होता. ट्रक भरलेला आला की तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा आणि वजाबाकी करायची. साडूनं आयुष्यभर लोकांच्या वराती वाजवल्या. दोघांत साम्य एवढंच, की बायका सख्ख्या बहिणी होत्या आणि परदेशातून कंटेनर भरून आलेल्या जुन्या यंत्रांच्या लिलावात दोघांनी एकेक छोटा ट्रॅक्टर घेतला होता. अगदी जुळी भावंडं. पण काटेवाल्यांनी सवयीनं दोन्ही ट्रॅक्टर काट्यावर चढवले. साडूचा थोडा हलका भरला. ही गोष्ट काटेवाल्यांनी एका लग्नाच्या पंगतीत, साडूच्या सगळ्या बँडसमोर जाहीर केली. “तुमच्यात काहीतरी कमी आहे,” असं ते म्हणाले. ट्रॅक्टरबद्दलच म्हणाले, पण साडू ताटावरून उठला. तेव्हापासून अबोला.

आता लोक बागेच्या मापानं ट्रॅक्टर घेतात. काटेवाल्यांनी ट्रॅक्टरच्या मापानं बाग लावली. लिंबांच्या दोन ओळींत त्यांनी नेमकी त्याच्यापुरती जागा सोडली, वर वीतभर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं कौतुक केलं. हा बंद पडला तर काय, असं एकानंही विचारलं नाही. पंप गेला आणि तो बंद पडला. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आला, बांधावर उभा राहिला, आत डोकावला आणि परत गेला. नव्या छोट्या ट्रॅक्टरची किंमत ऐकून काटेवाले शोरूममध्ये नुसतं पाणी पिऊन आले. इकडे गवत कमरेला लागलं होतं, फवारणी होत नव्हती, लिंबांवर डाग पडले होते. पंप मिळाला नाही तर एकाआड एक ओळ तोडून मोठ्या ट्रॅक्टरला वाट करायची, हे ठरलेलं होतं. म्हणजे निम्मी बाग.

त्या संध्याकाळी बायकोनं बहिणीला फोन लावला. दोघी रोज बोलायच्या. नवऱ्यांचा अबोला त्यांना कधी लागू नव्हता. फक्त जाणं-येणं तुटलं होतं.

“अगं, हे म्हणतायत, पंप मिळेल का?”

पलीकडे बरीच कुजबुज झाली. मग बायको फोनवर हात ठेवून म्हणाली, “अहो, या आणि काढून न्या म्हणतायत. त्यांचा नुसताच उभा असतो म्हणे.”

“इतक्या सहज?” काटेवाल्यांना संशय आला. भांडणाची तयारी वाया गेल्याचं थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बसचा लांबचा प्रवास करून ते पान्यांची पिशवी घेऊन साडूच्या दारात उभे राहिले. साडूचं घर चढावरच्या एका अरुंद गल्लीत होतं.

“आलात?” साडू म्हणाला.

“आलो.”

अबोला सुटला हे दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं. तोवर फार उशीर झाला होता.

मेहुणी ओट्यावर बसली होती. “भाऊजी, वाळलात हो!” म्हणाली, पण उठली नाही. राग अजून गेलेला दिसत नाही, असं समजून काटेवाले थेट शेडमध्ये शिरले.

साडूचा ट्रॅक्टर लख्ख पुसलेला होता. मागच्या लिफ्टला, जिथे नांगर जोडतात तिथे, सलूनमधली खुर्ची नटबोल्टनं बसवली होती. पाय ठेवायची फळी होती, पट्टाही होता. काटेवाल्यांनी मनातल्या मनात साडूला वेड्यात काढलं आणि कामाला लागले. डिझेलची चावी बंद केली, पंपाचा पाइप सैल केला.

“ही खुर्ची कशासाठी? वरातीपुढे बसून जायला?”

“तिची आहे,” साडू म्हणाला.

“कोणाची?”

साडूनं ओट्याकडे पाहिलं. “गेल्या वर्षी तिचे पाय गेले. व्यायामाचा दवाखाना वर, चढावर. या गल्लीत गाडी शिरत नाही. चाकाची खुर्ची ढकलून बघितली. एकदा हातातनं सुटली, पार पोस्टापर्यंत मागे गेली.”

“पोस्टमास्तरांनी चहा दिला,” ओट्यावरून मेहुणीचा आवाज आला.

“मग हे केलं. लिफ्ट खाली घ्यायची, तिला बसवायचं, दांडा ओढायचा, की खुर्ची वर. रोज सकाळी.”

“लोक हसत असतील.”

“आधी हसले. आता नमस्कार करतात.”

“पण भाऊजी, लिफ्टचं तेल गळतं हो!” मेहुणी ओरडली. “निघताना राणीसारखी वर असते. दवाखाना येईपर्यंत कुत्र्यांच्या डोळ्याला डोळा भिडतो.”

काटेवाल्यांच्या हातात पाना तसाच होता. सैल पाइपातून डिझेल त्यांच्या बुटावर ठिबकत होतं.

“हे सगळं असताना पंप का देताय?”

“ती म्हणाली, ताईची बाग जाईल. मी म्हटलं, आपलं काय? तर म्हणाली, दोन माणसं उचलून नेतील मला.” साडूनं गल्लीकडे पाहिलं. “एक मी. दुसरा शोधतोय.”

काटेवाल्यांनी पाइप पुन्हा घट्ट केला.

“काय झालं?”

“मापाचा नाही.”

“मापाचा नाही काय? तोच तर आहे!”

“मी जन्मभर काट्यावर होतो. मला शिकवू नका.”

पाइप उघडला की आत हवा शिरते, आणि ती काढेपर्यंत इंजिन उचलत नाही. तेव्हा दोघं साडू हवा काढत बसले. एक जण हातानं डिझेल ओढत होता, दुसरा बुडबुडे बघत होता. “आला.” “अजून आहे.” “आला.” एवढंच बोलणं झालं, पण दोघांच्या मानानं ते पुष्कळ होतं. इंजिन सुरू झालं तेव्हा मेहुणीनं ओट्यावरून टाळ्या वाजवल्या.

निघताना ती म्हणाली, “ताईला पायांचं सांगू नका. ती रडत येईल आणि मलाच तिची समजूत घालत बसावं लागेल.”

घरी बायकोनं विचारलं, “मिळाला?”

“मापाचा नव्हता.”

सकाळी ती शेडमध्ये डोकावली, तर नवरा आपल्याच ट्रॅक्टरची मागची लिफ्ट सोडवत होता.

“हे कुठे चाललं?”

“साडूंना हवंय.”

“अहो, तुम्ही तिकडनं आणायला गेला होतात ना?”

“हो. पण रिकाम्या हातानं गेलो होतो. बरं दिसलं नाही.”

बायकोनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना साडूच्या बाबतीत बरं-वाईट दिसल्याचं तिला आठवत नव्हतं. “तिचं सगळं ठीक आहे ना?” तिनं विचारलं.

“जीभ तशीच आहे,” काटेवाले म्हणाले. ते खरंच होतं.

लिफ्ट मालाच्या ट्रकनं गेली. त्याच आठवड्यात लाकूडतोडे आले. काटेवाले प्रत्येक झाडाला खडूची खूण करत पुढे चालले. ज्या ओळीत जास्त लिंबं धरतात ती ठेवावी, असं त्यांनी ठरवलं होतं. पण जवळ गेल्यावर प्रत्येक ओळ जास्त धरणारी वाटत होती. शेवटी त्यांनी एकाआड एक खुणा केल्या आणि मागे वळून पाहिलं नाही. करवतीचा आवाज दुपारभर येत राहिला. बायकोनं तोडलेल्या फांद्यांवरची लिंबं टोपलीत गोळा केली. कच्चीसुद्धा.

मोठा ट्रॅक्टर बांधावर येऊन थांबला तेव्हाच फोन वाजला. आधी नुसताच इंजिनाचा धडधडाट, मग मेहुणी.

“भाऊजी! दवाखान्याच्या दारात आहे! अजून वरच आहे मी. वरच! आणि हे मला उतरवायचं सोडून सगळ्या दवाखान्याला लिफ्ट दाखवत सुटलेत!”

“उतरू नकोस,” काटेवाले म्हणाले. “बस जरा.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. ड्रायव्हरनं वरून हाक मारली, “काका, येऊ का आत?”

काटेवाल्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जागा भरपूर होती.

“ये,” ते म्हणाले आणि तरीही बाजूला सरून, एका लिंबाला पाठ टेकून उभे राहिले.