सरदाराने ‘माझा’ न म्हटलेला टोप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी टोप आहे. कपाळावर मोठा पोचा आहे, आतलं चामडं उंदरांनी कधीच फस्त केलं आहे. तरी मी अजून धडधाकट आहे, आणि त्याला कारण आहे.

लोहाराने मला एका सरदारासाठी घडवलं. माणूस शूर, पण जिभेला हाड नाही. डोंगरापलीकडचं तळं जिंकल्यावर तो काठावर उभा राहून म्हणाला, “हे तळं आता माझं.” त्या तळ्यात जलदेवी राहत होती. ती वर आली.

“माझं म्हणायची फार हौस ना तुला?” ती म्हणाली. “यापुढे ज्याला माझं म्हणशील, ते सूर्य मावळायच्या आत जाईल.”

सरदाराने ते हसण्यावारी नेलं. घरी जाताना सवयीने बोलून गेला, “माझा घोडा कधी बुजत नाही.” संध्याकाळी घोडा मेला. योगायोग असेल, असं त्याने मनाला समजावलं. पुढे एकदा पाहुण्यांना सांगितलं, “हा माझा धाकटा भाऊ.” भाऊही गेला.

तेव्हापासून त्याने तो शब्द टाकला. “तो टोप पुसून ठेवा,” एवढंच म्हणायचा. मला वाईट वाटायचं, पण जीव वाचत होता, तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आपल्या बोलण्याने भाऊ गेला हे त्याला कुणापुढे बोलवत नसे, म्हणून शापाची गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती.

त्यात हाल झाले त्याच्या मुलीचे. लहानपणी ती मांडीवर बसून विचारायची, “बाबा, मी कुणाची?”

“आईची.”

“आणि?”

“आजीची.”

मोठी झाल्यावर तिने विचारणं सोडून दिलं. बाबांना आपण नकोशा आहोत, असंच ती धरून चालली.

मग शत्रू चालून आला आणि मुलगी पुलापलीकडे त्याच्या हाती सापडली. त्यांचा सेनापती ओरडला, “ही पोर तुमची असेल तर तसं सांगा, बोलणी करू. नसेल तर आम्ही तिला जिवंत ठेवणार नाही.”

मुलीने मान खाली घातली. तिला उत्तर माहीत होतं. ‘माझी’ हा शब्द सरदाराच्या ओठांपर्यंत आला आणि त्याने तो गिळला. मी डोक्यावर होतो, म्हणून मला कळलं.

“मी तिचा बाप आहे,” शेवटी तो म्हणाला. “तिला सोडा, मला घ्या.”

पुलाच्या मध्यावर दोघं भेटली. त्याने मला तिच्या डोक्यावर ठेवलं. मी तिच्या नाकापर्यंत घसरलो, आणि आत ती हुंदके देऊन रडत होती. तो पुढे गेला, परत आला नाही.

आता मी एका अडगळीच्या खोलीत पडून आहे. माझा गंज कुणी घासला नाही तरी चालेल. पण मित्रांनो, तुम्हाला कुठल्या देवीने शाप दिलेला नाही. मग घरच्या माणसांना ‘माझा’, ‘माझी’ म्हणताना तुमची जीभ का अडखळते?