जुना कोंडा आणि ढवळीची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. वास आला तर खुशाल नाक दाबा, मला राग येणार नाही. मलाच माझी किळस येते.

मित्रांनो, माझा जन्म बंदराजवळच्या जासई गावचा. बंदराच्या कंटेनर यार्डाबाहेर टाकलेल्या फळ्या गंगारामने उचलून आणल्या आणि त्र्याण्णव साली मला ठोकून तयार केलं. तो ससे पाळायचा. मादी व्यायला आली की मला तिच्या पिंजऱ्यात ठेवायचे. ढवळी नावाची पांढरी मादी पोटाचे केस उपटून माझ्यात गादी करायची. पहिल्या खेपेला तिने आठ पिल्लं घातली. गंगारामची बायको चांगुणाबाई रोज केस बाजूला सारून ती बघायची. काय ऊब होती त्या पिल्लांची! मीही तेव्हा ऐटीत असायचे.

दिवाळीनंतर भात भरडून झालं आणि गंगारामने गिरणीवरून पाच पोती कोंडा आणला. सशांना गवताबरोबर कोंडा चालतो, पण ताजा. यांनी वर्षाची बेगमी केली. महिन्याभरात त्याला खवट वास सुटला. चांगुणाबाईने तसं सांगितलं, तर म्हणतो कसा,

"तांदूल जुना झाला का चांगला लागतो. मंग कोंडा का नाय?"

खाडीकाठची दमट हवा. कोंड्याचे गोळे झाले, गोळ्यांवर हिरवी बुरशी, बुरशीत वळवळणाऱ्या अळ्या. शी! आणि रोजच्यासाठी पोत्यातून काढलेली ही घाण ठेवायची कुठे, तर माझ्यात. मादीचे दिवस भरले की मला उपडी करून दोन थपडा मारायच्या, झाली सफाई. तीच घाण ढवळीच्या पुढ्यातही पडायची. दुसरं काही नसायचं, म्हणून ती खायची.

दुसऱ्या खेपेला तिने तीन पिल्लं घातली. तिन्ही मेलेली. तिसऱ्या खेपेला केस उपटले, गादी केली, आणि आत काहीच आलं नाही. बाकीच्या माद्याही गाभण राहीनात. कोंड्याकडे बघायचं सोडून गंगाराम ढवळीवरच चिडला.

"भाकड झाली ही. आता पिल्लं नाय झाली तर हाटेलात देतो."

दुपारी चांगुणाबाईने माझ्यात हात घातला, एक गोळा हुंगला आणि तिला ओकारी आली. तरी तिने तो कोंडा चाळला, मळला, भाकरी थापली आणि बोंबलाच्या कालवणाबरोबर नवऱ्याला वाढली. पहिलाच घास त्याने थुंकला.

"काय घातलंस यात?"

"कोंडा. जुना हाय, चांगला लागंल," ती म्हणाली. "पोटुशी बाई ह्ये खाऊन काय जनंल, तुमीच सांगा."

गंगाराम ताटावरून उठला. संध्याकाळपर्यंत उरलासुरला सगळा कोंडा खड्ड्यात पुरला गेला. मग दर आठवड्याला ताजा कोंडा आणि हिरवं गवत सुरू झालं. दोन महिन्यांनी ढवळीचे दिवस भरले. चांगुणाबाईने मला सोड्याच्या गरम पाण्याने घासलं, उन्हात वाळवलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. ढवळी आली, तिने माझ्या लाकडात मुरलेला तो खवट वास हुंगला आणि ती पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसली. घाईघाईने दुसरी पेटी ठोकावी लागली. तिच्यात सात पिल्लं झाली, सगळी जिवंत.

मी आता दाराबाहेर आहे, तुटक्या चपला सांभाळते. ढवळीचा मला राग नाही. मित्रांनो, मुक्या जनावरापुढे काही टाकण्याआधी ते एकदा स्वतः हुंगून बघा. मला नाकारणं ढवळीला जमलं. कोंडा नाकारला असता, तर ती उपाशी मेली असती.