चाचणीचा सांगाडा

तिने चार स्क्रू सैल केले, स्पर्धेच्या रोबोची वाकलेली पट्टी उतरवली आणि शेजारच्या चाचणीच्या सांगाड्याची सरळ पट्टी तिथे बसवली. वाकडी त्या सांगाड्याला गेली. दोन्ही सांगाडे हुबेहूब. भोकाला भोक जुळलं.

नवा प्रोग्रॅम आधी चाचणीच्या सांगाड्यावर चालवायचा, हा नियम तिनेच फळ्यावर लिहिला होता. पण त्याची बॅटरी चार्जिंगला होती, आणि तिला धीर निघाला नव्हता. तिने तो थेट स्पर्धेच्या रोबोवर चालवला होता, आणि रोबो वळायचं सोडून नाकासमोर जाऊन टेबलाच्या पायावर आदळला होता.

दुपारी आतेभाऊ आला. कापणं-जोडणं सगळं त्याच्याकडे, म्हणून टीम त्याला मिस्त्रीच म्हणे. वाकडी पट्टी दिसताच त्याने विचारलं. चाचणीत सांगाडा आदळला, ती म्हणाली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने पट्टीवरून नुसता अंगठा फिरवला.

"माझंच चुकलं, तायडे. हलकी पट्टी घ्यायचा हट्ट माझा होता."

तेच त्याने मार्गदर्शक बाईंनाही सांगितलं. बाईंनी सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली, तेव्हा ती स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली. पुढचे दोन दिवस तो जाड पट्ट्या कापत होता, कानशीने घासत होता. ती मदतीला गेली, तर त्याने तिला परत पाठवलं. तुझं काम चोख आहे, तू तेच बघ, म्हणाला. त्या दोन दिवसांत तिला घास गोड लागला नाही.

स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत समोरचा रोबो त्यांच्यावर धडकला. जाड पट्टी तसूभर हलली नाही. ते जिंकले. मग एक परीक्षक टेबलाशी आले. चाचण्यांच्या नोंदींना वेगळे गुण होते.

"आधीची पट्टी कच्ची आहे, हे वेळेत कळलं कसं?"

चाचणीचा सांगाडा होता म्हणून वाचलो, मिस्त्रीने अभिमानाने सांगितलं आणि तिला पुढे केलं.

"चाचण्या हीच घेते. हिलाच विचारा."

परीक्षकांनी पेन उघडलं. बाईही जवळ सरकल्या. 

"त्या सांगाड्यावर नाही कळलं," ती म्हणाली. "ह्याच रोबोवर कळलं. पट्टी मी बदलली."

पेन थांबलं. ती परीक्षकांकडे बघत नव्हती. मिस्त्री अजून हसत होता. ते हसू उतरायला जरा वेळ लागला.