राक्षसाला जोडलेला तुकडा

कवळीवाल्याच्या घरात एक खोली राक्षसांची होती. राक्षसांची म्हणजे जुन्या परदेशी सिनेमांची, ज्यांत हटकून कुणीतरी विहिरीतून, चिखलातून नाहीतर प्रयोगशाळेतून उठतं आणि गावाच्या मागे लागतं. आणि हे सिनेमे तबकडीवर नव्हेत बरं का, खऱ्याखुऱ्या सोळा एमएमच्या फिल्मवर, पत्र्याच्या गोल डब्यांत, भिंतभर रचलेले. हा गृहस्थ आठवडाभर टेबलाशी वाकून लोकांच्या कवळ्या घडवायचा आणि रविवारी राक्षसांचे सुळे बघत बसायचा. दातांतून काही याची सुटका नाही, असं बायको म्हणायची.

सिनेमांच्या भाषा याला ओ की ठो कळत नव्हत्या, म्हणून त्यानं आपणच त्यांची बारशी केली होती: 'विहिरीतला हात', 'कोळी डॉक्टर', 'पंखवाला न्यायाधीश'. रविवारी जेवणं आटोपली की पडदे ओढायचे, खुर्च्या मांडायच्या, शेजारची दोन-चार टाळकी जमवायची आणि प्रोजेक्टर घरघरायला लागायचा. बायकोला राक्षसांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण ट्यूबलाइटचं बटण तिच्या हातात असायचं. फिल्मच्या तोंडाशी त्यानं पंचनं एक भोक पाडलेलं असे; ते पडद्यावर पांढऱ्या टिकलीसारखं चमकलं, की सिनेमा सुरू होतोय असं समजून तिनं दिवा घालवायचा. इतक्या वर्षांत तिची एकदाही चूक झाली नव्हती.

आता लीडर म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढची नामुष्की कळायची नाही. सिनेमाच्या सुरुवातीला दहा-पंधरा फूट निरुपयोगी फिल्म जोडतात, तिला लीडर म्हणायचं. यंत्रात अडकवताना ओढाताण होते ती तिची, जमिनीवर लोळते ती ती, यंत्राचे दात चावतात ते तिला. दिव्याच्या खुणेचं भोकही तिच्याच शेवटाला पाडायचं. मुळातला सिनेमा सुरक्षित राहतो. "लीडर म्हणजे पायपुसणं," असं कवळीवाला नव्या शौकिनांना मोठ्या ऐटीत सांगायचा. कोरा लीडर मिळेनासा झाला, तेव्हा ही मंडळी कसल्याही भंगार फिल्मचे तुकडे त्या जागी लावायला लागली. जाहिराती, शाळेतले माहितीपट, कुणाकुणाची घरगुती रिळं. शौकच असा आहे, काय करणार!

गेल्या वर्षी सासरे कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक गंजका डबा आला होता. सासऱ्यांच्या कारखान्याची सहल गेली होती, तिथे मालकाच्या मुलानं नव्या कॅमेऱ्यानं काढलेली चार मिनिटांची मुकी फिल्म. तिच्यात सासूबाई होत्या. त्या गेल्या तेव्हा बायको इतकी लहान होती, की आई तिला आठवतच नव्हती. भिंतीवर फोटो होता, पण फोटो तो फोटोच. "यात आई चालते हो," बायको डबा पुसत म्हणाली होती. "आणि बाबा म्हणतात, शेवटी झोपाळ्यापाशी ती मला उचलून घेते. एकदा लावा ना."

"लावू की. पळून जातेय का?" असं म्हणून यानं डबा फळीवर ठेवला.

त्यानंतर किती रविवार आले आणि गेले. दर वेळी कुठला तरी राक्षस आधी लागायचा. तिनं विचारायचं, यानं "पुढच्या रविवारी" म्हणायचं, आणि तिनंही मग तगादा लावला नाही. नवऱ्याच्या खेळण्यांना हात लावायचा नाही, हा त्या घराचा नियमच होऊन बसला होता.

आणि मग सासऱ्यांची दृष्टी जायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की आता हे परत यायचं नाही, त्यांना काय बघायचं असेल ते बघून घेऊ द्या. ती घरी आली, पर्स खाली ठेवायच्या आधी याच्यापुढे उभी राहिली.

"येत्या रविवारी राक्षस नको. आईला लावा."

"अगं, नक्की. आत्ता डबा काढतो," हा म्हणाला. आणि राक्षसांच्या खोलीत जाऊन फळीपुढे उभा राहिला.

डबा नव्हता. आणि तो का नव्हता हे त्याला तिथल्या तिथे आठवलं. एक फिल्म क्लब बंद पडला तेव्हा त्यानं लीडरसाठी भंगार रिळांचं पोतं उचलून आणलं होतं आणि त्याच फळीवर ओतलं होतं. मग एका सुट्टीत बसून एकेक रीळ उलगडायचं, भिंग लावून वीतभर बघायचं आणि कापायचं, असा सपाटा लावला होता. गंजक्या डब्यातल्या रिळात कुठलीशी बाग दिसली होती, झाडं, खिदळणाऱ्या बायका. कुणाचं तरी घरगुती, असं म्हणून त्यानं कात्री चालवली होती. का चालवली? तर त्यात राक्षस नव्हता म्हणून. रोज ज्या फोटोखाली बसून हा चहा प्यायचा, तीच बाई भिंगाखाली आली आणि याला ओळखू आली नाही.

त्यानं 'विहिरीतला हात'चा डबा उघडला, लीडर खिडकीशी धरला. बाई उलटी होती, डोकं खाली, पाय वर. फिल्म फिरवली. बायकोचंच नाक, बायकोचंच हसताना मान तिरकी करणं. चेहऱ्यावरून यंत्राच्या दातांचे ओरखडे गेलेले, आणि पोटाशी पंचचं गोल भोक. कवळीवाला खुर्चीत बसला. लाज वाटली म्हणणं फार थोडं झालं. आपण आपल्यालाच दिसू नये असं त्याला झालं.

तिथल्या तिथे उठून बायकोला सांगायला हवं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण ती दारात येऊन उभी राहिली आणि यानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "नाही सापडत का? मेलं माझंच चुकलं असणार. मागे मी रद्दी काढली होती ना, त्यात तर नाही गेला? अहो, बोला ना!"

आणि हा काय बोलला? "बघू. शोधू या," असं बोलला.

मग शोधाशोध झाली. तिनं कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, स्वतःला लाखोल्या वाहिल्या. आणि हा माणूस, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो स्टुलावर चढून माळ्यावर बॅटरी मारत होता. "जरा डावीकडे बघा," ती खालून म्हणायची आणि हा डावीकडे बघायचा. एकदा तर तिनं खालून स्टूल घट्ट धरलं, हा पडू नये म्हणून. त्या क्षणी पडलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती सासऱ्यांपाशी जाऊन रडली. "बाबा, माझ्या हातून आई हरवली." सासरे तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि हा दाराआडून ऐकत उभा.

दुसऱ्या दिवसापासून तो डबे पिशवीत घालून कामावर नेऊ लागला. जेवणाच्या सुट्टीत, साच्यांच्या आणि अर्धवट कवळ्यांच्या पसाऱ्यात बसून त्यानं एकेका राक्षसाच्या तोंडचा तुकडा सोडवला. लीडरवर मार्करनं लिहिलेली सिनेमांची नावं स्पिरिटनं पुसली. ओरखडे काही पुसले गेले नाहीत, भोकंही बुजली नाहीत. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, हे कुणाला विचारणार? अंदाजानं सांधत गेला. बाई येते, बाई बसते, बाई कुणाला तरी पाणी देते. झोपाळा मात्र कुठेच नव्हता.

झोपाळा असणार तो 'पंखवाल्या न्यायाधीशा'ला जोडलेल्या तुकड्यात. आणि तो सिनेमा यानं अदलाबदलीत घड्याळजीला दिला होता. घड्याळजी याच्याच हाताखाली तयार झालेला शौकीन, दोन गल्ल्या सोडून दुकान. हा धावत गेला.

"लीडर?" डोळ्यावरचं भिंग न काढता घड्याळजी म्हणाला. "तो फाटका होता. कापून फेकला."

"कधी? कुठे फेकलास?"

"झाले की महिने. कचऱ्यात, आणखी कुठे? अरे, लीडरसाठी एवढं काय? पायपुसणं ते, तूच शिकवलंस की!" आणि तो मनापासून हसला.

कवळीवाल्याला हसणं भाग होतं. तेही तो हसला.

शनिवारी त्यानं घरी सांगितलं, डबा सापडला. पोत्याच्या तळाशी होता, फिल्म थोडी खराब झालीय, जुनी ना. बायकोनं दोन्ही हात तोंडावर धरले, मग याचे हात धरले आणि आतल्या खोलीकडे पळाली. "बाबा, सापडली! यांनी शोधून काढली!" 'यांनी'वर तिनं असा काही जोर दिला, की याला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

रविवारी शेजारच्यांना बोलावलं नव्हतं. सासऱ्यांना पडद्याच्या अगदी जवळ, पुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी दाढी करून घेतली होती, ठेवणीतला शर्ट घातला होता. बायकोनं दिवा आधीच घालवला आणि त्यांच्या शेजारी बसली. यानं यंत्र सुरू केलं.

सासूबाई आल्या. ओरखड्यांतून, फिक्या उजेडात, पण चालत आल्या. "हीच चाल!" सासरे खुर्चीत पुढे सरकले. "चेहरा नाही गं मला दिसत, पण चाल बघ. तीच आहे!"  बायको हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कवळीवाल्याला क्षणभर वाटलं, निभावलं.

तेवढ्यात पडद्यावर पांढरी टिकली चमकली.

बायको उठली. सवयच ती. उठून भिंतीकडे गेली, बटणावर हात ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की दिवा तर बंदच आहे. ती तशीच उभी राहिली. पुढचा तुकडा आला, त्यात आई बसली होती. पुन्हा टिकली. पुढचा तुकडा, पुन्हा टिकली, आईच्या खांद्यावर. या एका खुणेवर दर रविवारी दिवा घालवणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं? दर रविवारी राक्षसाच्या आधी त्या पडद्यावर काहीतरी फिकं, उलटंपालटं सरकून जायचं आणि ही बटणाशी उभी राहून फक्त टिकलीची वाट बघायची. तिनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो प्रोजेक्टरचं भिंग उगाचच फिरवत होता.

"जावईबापू, हे मागेपुढे झालंय," सासरे म्हणाले. "पाणी तिनं आधी दिलं होतं. असो, असो. आता बघ हं चिमे. आता झोपाळा. आता ती तुला उचलते."

शेवटचा तुकडा सरला. पडदा नुसता पांढरा झाला. फिल्मचं शेपूट फिरत्या चाकावर फटफटायला लागलं आणि बायकोनं नवऱ्याकडे असं काही बघितलं, की त्यानं झटकन तळहात चाकावर दाबून धरला. आवाज थांबला. प्रोजेक्टरचा दिवा विझवायची त्याची छाती झाली नाही.

"आली का झोपाळ्याशी?" सासऱ्यांनी विचारलं. भरल्या डोळ्यांनी त्यांना आता उजेड दिसत होता, एवढंच.

बायको येऊन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. कोऱ्या पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "हो बाबा. आली. वाकली. मला उचललं बघा."

"आणि तू?"

"मी पाय झाडतेय. उतरायचंय मला. पण ती सोडत नाही. आता मुका घेतेय माझा."

"घेतेय ना!" म्हातारा रडत रडत हसायला लागला. त्यानं पांढऱ्या पडद्याला हात जोडले. मग अंदाजानं मागे वळून म्हणाला, "जावईबापू, तुम्ही होतात म्हणून हे दिसलं हो. सख्ख्या मुलानं जपलं नसतं इतकं जपलंत."

कवळीवाल्याचा तळहात चाकावर भाजत होता. त्यानं तो उचलला नाही. 

सासऱ्यांना आतल्या खोलीत निजवून ती परत आली. यंत्र बंद झालं होतं, हा अंधारात तसाच उभा होता. ती ओरडेल, हातातलं काही फेकेल, माहेरची एखादी शिवी हासडेल, तर सगळं मुकाट घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"झोपाळ्याचा तुकडा कुठल्या राक्षसाला लावला होता?" तिनं विचारलं.

"पंखवाल्या न्यायाधीशाला."

"आहे?"

"नाही. घड्याळजीनं फेकला. मी गेलो होतो गं मागायला..." त्याची ततपप झाली.

तिनं हातानंच पुरे म्हटलं. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. आवाज चढला नव्हता. उलट, अडलेल्या माणसानं विचारावं तसं तिनं विचारलं.

"मी बाबांना मुका म्हणून सांगितलं. माझ्याच मनानं सांगितलं, मला कुठे आठवतंय? पण तुम्ही भिंग लावून बघता ना, कापायच्या आधी? तुम्ही एकट्यानंच बघितलंय ते. घेतला होता का हो तिनं मुका?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. तिनं विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता. 

"मी बघितलं नाही," तो म्हणाला. "राक्षस आहे का तेवढंच बघत होतो."

"बरं," ती म्हणाली, आणि पडदे उघडायला गेली.