सासऱ्याची मुंगी

कस्पारच्या सासऱ्याचं नाव इतक्यात सांगता यायचं नाही. गोष्ट कस्पारची आहे आणि त्याच्या गावात जावई सासऱ्याचं नाव घेत नाही. तोंडाने नाही, कागदावर नाही. त्या नावासारखा दुसरा शब्द आला तरी वळसा घालून बोलतो. सासऱ्याला तिथे तांबू म्हणतात आणि जे करायला बंदी आहे त्यालाही तांबूच म्हणतात. सासरा जावयालाही तांबूच म्हणतो. इतकी सोपी रीत! पण तिच्याच आडोशाला बसून कस्पारने जी माती खाल्ली, ती ऐकण्यासारखी आहे.

मादांग शहराच्या मागच्या डोंगरात जंगलाला लागून एक संशोधन केंद्र आहे. कस्पार तिथे चौदा वर्षं मुंग्या ओळखायचं काम करत होता. मुंगी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तो मिशांचे सांधे मोजायचा, कमरेचे काटे बघायचा आणि जात सांगून मोकळा व्हायचा. बाहेरून पोरंसोरं यायची, वर्षभर राहून चिखल तुडवायची, आणि मग एखाद्या मुंगीला त्यांचं नाव लागायचं. कस्पारचं नाव यायचं शेवटच्या पानावर, आभारात. त्यातही एकदा ‘गास्पर’ असं छापलं होतं. कस्पार तेव्हा हसला होता खरा, पण ती गोष्ट त्याच्या मनातून कधी गेली नाही.

मंगळवारी मार्गिटबाई हातात छापील पानं नाचवत आल्या. केंद्राच्या मुख्य त्या. “कस्पार, बस आधी! तुझी मुंगी नवीनच निघाली. जगात कुणी लिहिलेली नाही. आणि नाव काय दिलंय माहितेय? कस्पारी!”

कस्पार बसला.

“वाच तर,” बाई म्हणाल्या. “शनिवारी गावात याचं जेवण ठेवू, तोवर चुका सांग. रविवारी मी पानं छापायला पाठवते. एकदा छापलं की मग देव आला तरी नाव बदलत नाही.”

पानावर सगळं होतं. कमरेवर दोन आखूड वाकडे काटे, तपकिरी डोकं, पिवळे पाय. ती मापं कस्पारनेच घेतली होती आणि केसभरही चुकलेली नव्हती. त्याखाली लिहिलं होतं, ‘खोडाला कान लावून ही मुंगी शोधण्याची युक्ती कस्पारची स्वतःची.’ ती ओळ वाचली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

युक्ती त्याची नव्हतीच. गेल्या वर्षी सासऱ्याने त्याला नदीपलीकडच्या डोंगरधारेवर नेलं होतं. म्हातारा एका झाडाला हात लावून म्हणाला होता, “तांबू, हे झाड बोलतं. कान लाव.” कस्पारने कान लावला. खोडाच्या आत वाळक्या शेंगा हलवल्यासारखा खुळखुळाट झाला, थांबला, म्हाताऱ्याने थाप मारली तसा पुन्हा झाला. आत हजारो मुंग्या पार्श्वभाग आपटत होत्या. म्हाताऱ्याने फांदी मोडली, बाटलीला जोडलेली नळी तोंडात धरली आणि मुंग्या ओढून बाटलीत घेतल्या. दोन त्याच्या ओठाला चावल्या. ओठ हा एवढा सुजला, तरी गडी हसतोच आहे! “माझ्या बापाने दाखवलं होतं मला,” म्हणाला. “आता तुला दाखवलं.”

त्याच दिवशी दुपारी घरी येऊन कस्पार चिठ्ठी लिहायला बसला. प्रत्येक मुंगीच्या टाचणीला एक चिठ्ठी असते. जागा, तारीख, झाड, शोधणाऱ्याचं नाव. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. तांबूचं नाव लिहायचं कसं? नाही लिहिता येत. रीतच आहे. मग त्याने लिहिलं, कस्पार.

बरं, आगाता कुठे होती तेव्हा? त्याची बायको, म्हाताऱ्याची सख्खी लेक, शाळेत मास्तरीण. ती दारात रताळी सोलत बसली होती. मतदार यादीत म्हाताऱ्याचं नाव तिने लिहिलं होतं, दवाखान्याच्या कागदावर तिने लिहिलं होतं, दर वेळी कस्पारनेच तिला हाक मारली होती. त्या दुपारी मात्र हाक मारायला त्याची जीभ उचलली नाही. पुढे मार्गिटबाईंनी विचारलं, “कान लावायचं सुचलं कसं रे तुला?” तर हा म्हणाला, “सुचलं असंच.” आता यात कुठली रीत आडवी आली होती, सांगा!

शनिवारी सकाळपासून गावात मुमु रचलेला. खड्ड्यात तापलेले दगड, वर केळीची पानं, पानांत तारोचे कंद, रताळी आणि डुक्कर. डुक्कर सासऱ्याचं होतं. सगळ्यांत मोठं, नाताळसाठी राखलेलं. “माझ्या तांबूने नाव काढलं,” म्हणत म्हाताऱ्याने ते स्वतः ओढत आणलं होतं. कस्पारला ते बघवेना. सुपारी तोंडात धरून तो नुसता बसून राहिला, चुना लावायचंही भान नव्हतं.

जेवणं वाढताना मेव्हण्याने तोंड सोडलंच. आगाताचा भाऊ, सुपारी खाऊन लालभडक तोंडाचा. “काय हो मंडळी, झाड दाखवलं आमच्या बापाने, ओठ सुजला आमच्या बापाचा, आणि मुंगीला नाव कुणाचं? जावयाचं! पुढच्या वर्षी बापाची केळीची बागही कस्पारी म्हणा!”

लोक खो खो हसले. मार्गिटबाईंना गावची बोली येत नव्हती, त्याही सगळ्यांबरोबर हसल्या.

“गप रे!” म्हातारा ओरडला. “अक्कल आहे का? जावई सासऱ्याचं नाव लिहील कसं? तांबू पाळला त्याने. पोरगा रीतीचा आहे.”

“हो हो, ते बाकी खरं,” म्हाताऱ्या बायका म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेव्हणा खाली बघून हाडूक चोखायला लागला. झालं, कस्पार सुटला! आणि सुटला तसा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग म्हातारा त्याच्याशेजारी येऊन टेकला. आपल्या पानातला चरबीचा तुकडा त्याने कस्पारच्या पानात ठेवला. मग फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, “त्या दिवशी आगाता घरी नव्हती का रे?”

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. म्हाताऱ्याला ‘नव्हती’ हे उत्तर हवं होतं, कस्पारला ते स्पष्ट दिसत होतं. एक शब्द बोलला असता तर म्हातारा समाधानाने जेवला असता.

“होती,” कस्पार म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. उठला आणि पलीकडे जाऊन बसला.

कस्पार आगाताकडे गेला. “बाईंना तू सांग ना. मुंगी कुणाची ते.”

“काय सांगू?” आगाता तारो वाढता वाढता म्हणाली. “कुणी शोधली ते, की कुणी चोरली ते? त्या दुपारी एक हाक मारली असतीस तर लिहून दिलं असतं. वर्षभर वाट बघितली मी. आता तुझं तू निस्तर.”

तिला सगळं ठाऊक होतं! वर्षभर एका चुलीवरचं जेवताना ठाऊक होतं. कस्पारला वाटलं, मुमुच्या खड्ड्यात जाऊन पडावं.

बोट दाखवूनही भागलं असतं. ‘आगाताच्या वडिलांनी शोधली’ म्हटलं असतं, तर नाव दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं. पण म्हणजे पुन्हा त्याच रीतीच्या आड लपायचं. जिने वर्षभर झाकलं, तिलाच पुन्हा पुढे करायचं. कस्पार मधोमध उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, “पानात चूक आहे. मुंगी मी शोधली नाही. कान लावायची युक्तीही माझी नाही. मी खोटं लिहिलं, खोटं बोललो. मुंगी युलामने शोधली.”

एका बाईने तोंडावर पदर धरावा तसं केळीचं पान धरलं. मेव्हणा ताडकन उठला, “नाव घेतलं! बापाचं नाव घेतलं! दंडाचं डुक्कर भर आता!” आणि म्हाताऱ्याने, जावयाने नाव घेतल्यावर फिरवावी लागते तशी, सगळ्यांसमोर पाठ फिरवली.

मार्गिटबाई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांनी पेन काढलं. “थांब, थांब. नीट ऐकू आलं नाही. शेवटी न की म?”

कस्पारने डोळे मिटले. “म. युलाम.”

पाठमोऱ्या म्हाताऱ्याने हात वर करून दोन बोटं दाखवली. दोनदा घेतलं, दोन डुकरं. कुणीतरी फिसकन हसलं, पण कस्पारला हसू आलं नाही. म्हातारा त्याच्याकडे पुन्हा कधी तोंड वळवेल हे त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी केंद्रात बाईंनी पानावर ‘कस्पारी’ खोडून ‘युलामी’ लिहिलं. कस्पारने पेटी उघडली. काचेखाली मुंगी, मुंगीखाली त्याची चिठ्ठी.

“ही काढून टाकू?” त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “नव्या माणसांना नियम कोण शिकवतं इथे?”

“मी.”

“काय नियम आहे?”

“जुनी चिठ्ठी काढायची नाही,” कस्पार म्हणाला. “चुकीची असली तरी. दुरुस्ती खाली, दुसऱ्या चिठ्ठीवर.”

“मग?”

त्याने नवी चिठ्ठी कापली. पहिल्या दोन वाया गेल्या. तिसरीवर तारीख घातली, नाव लिहिलं आणि टाचणीवर खालून चढवली. मुंगी अजून त्या पेटीत आहे. वरच्या चिठ्ठीवर कस्पार, खालच्या चिठ्ठीवर युलाम, आणि अक्षर दोन्हीकडे एकच. नव्या माणसांना शिकवताना कस्पारला हीच पेटी उघडावी लागते.